घटातली बिनपानाची काठी

माह्या मायनं माह्यं झाड देवीच्या घटात मांडून टाकलं, अन् तिले त्याचा पत्ताच नव्हता. मलेही नव्हता. पाडव्याले घट बसला. पंचमीच्या सकाळी मायनं अशी हाक मारली, का मी दाढीचा साबन तसाच तोंडावर घेऊन पळालो.

"उद्धव! अरे, घटात पाह्य काय आलं!"

मी देवाच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा राह्यलो. टोपलीतल्या मातीत गहू बोटभर वर आलता, पिवळा-हिरवा. मधात पान्याचा घट, त्यावर नारळ. अन् घटाच्या बाजूनं, गव्हाच्या डोक्यावरून वर, एक काठी. पेन्सिलीएवढी जाड, जांभळट, एकदम सरळ. तिले एकही पान नाई.

मले घाम फुटला. भ्यायलो म्हनून नाई. काठीच्या बुडाशी माती फुगली होती, अन् त्या मातीतून तपकिरी सालीचा एक खांदा बाहेर डोकावून राह्यला होता. तो खांदा माह्या ओळखीचा होता! त्याले मी सोता घमेल्यात पुरलं होतं, अन् सोताच मेला म्हनून सोडून देल्लं होतं.

थांबा, मांगचं सांगतो, नाई तं काई समजनार नाई.

मी वरवट बकालच्या सोसायटीत टायपिंग करतो. महाराष्ट्र झाला त्या साली सोसायटीत मराठी टाइपरायटर आला. तो चालवता कोनालेच येत नव्हता, मंग मीच दोन बोटांनी शिकलो. झाडंझुडपंही तसाच शिकलो. भज्याच्या दुकानात रद्दीमधी वनस्पतिशास्त्राचं एक जुनं पुस्तक भेटलं. मागची अर्धी पानं भज्यांसोबत लोकांच्या घरी गेलती. उरलेलं अर्धं मी इतक्या खेपा वाचलं, का आमचा बाप रंगराव म्हने, "पोट्ट्या, येवढं मॅट्रिकले वाचलं असतं तं मास्तर झाला असता."

मागच्या आषाढात मी सातपुड्याच्या पायथ्याशी हिंडून राह्यलो होतो. खडकाच्या फटीत एक झाड दिसलं. लांब पट्ट्यावानी पानं, खाली मुठीएवढा कांदा. मी खुशीत ओरडलो, "नागदवना!" कारन पुस्तकात कांद्याचं झाड एकच होतं, नागदवना, अन् त्याचं चित्रही होतं. पांढरं मोठ्ठं फूल.

"फूल पाहिलंस का?" मांगून कोनी तरी म्हनलं.

वळून पाह्यतो तं डोक्यावर काळी टोपी, खांद्याले पत्र्याचा हिरवा डबा, पायात जाड जोडे, असा एक मानूस. अकोल्याकडच्या कॉलेजात प्रोफेसर होते ते, नीळकंठराव नावाचे. जिल्ह्यातली झाडं धुंडाळत हिंडत होते. मी त्यांची पाठच सोडली नाई. दिवसभर त्यांच्या मांगं मांगं, हे काय सर, ते काय सर.

"फूल नाई पाह्यलं सर. पुस्तकात पाह्यलं. पांढरं येईन, वासाचं."

"मग नाव सांगू नकोस. नुसत्या पानांवरून मीही सांगत नाही. शिवाय नागदवण्याचं पान याहून रुंद असतं."

"हे लहान हाये न सर अजून. मोठं झालं का होईन रुंद."

ते हसले. मंग बसले दगडावर, जोड्यातला खडा काढत म्हनले, "हा कांदा घेऊन जा. लाव. पुढच्या चैत्रात मी सातपुड्यात महिनाभर काम काढतोय. झाडांची आवड असलेला इकडचा एक माणूस मला बरोबर लागेल. जाताना वरवटला उतरेन. तेव्हा मला याचं फूल दाखव. मग ठरवू."

महिनाभर डोंगर! प्रोफेसरसंगं! सोसायटीत 'आपला विश्वासू' टाइप करत बसाचं, का अंबाबरव्याच्या जंगलात डबा घेऊन हिंडाचं? मी कांदा गमछ्यात बांधला, त्याच्या बुडची मातीही पोतं भरून आनली, अन् घरी धाब्यावर, म्हनजे मातीच्या छतावर, फुटक्या घमेल्यात लावला.

पावसाळाभर पानं झकास होती. गावात ज्याले त्याले सांगत सुटलो, नागदवना लावला, पांढरं फूल येईन. दिवाळीले पानं पिवळी पडली. मंग वाळली. मंग उडून गेली. घमेल्यात नुसती माती. तरी मी रोज गडूभर पानी घालत होतो.

बाप म्हने, "उद्धवनं माती पेरली बाप्पा. मातीचं पीक येऊन राह्यलं."

माहा दोस्त कडूबा एसटी स्टँडवर पानाचा ठेला चालवते. तो जाता-येता इचारे, "काय बे, ढेकूळ बाळंत झालं का?"

होळीपाशी मी हरलो. मायले म्हनलं, "मेलं ते. घमेलं रिकामं करून टाक." आता प्रोफेसर आले का तोंड कोठी लपवाचं, येवढाच इचार डोक्यात.

अन् इथंच मायनं काम केलं.

आमच्या घरी चैत्राचं नवरात्र असते. घटाची माती कशी पाह्यजे, याचा मायचा कायदा हाये. पाय न लागलेली पाह्यजे. शेनखताची नोको. दरवर्षी ती वावराच्या धुऱ्यावरची, बांधावरची माती आने. यंदा वावरात कांदे काढनं चालू, बाया-मानसं सगळीकडून तुडवत हिंडून राह्यलेली. मायले आठवलं, धाब्यावर घमेल्यात डोंगराची माती हाये, पाय लागला नाई, वरून वर्षभर पानी पेलेली. तिनं घमेलं टोपलीत पालथं केलं. चिकन माती वाळून तिची एक ढेप झालती. तिनं कडा फोडल्या, मधातली ढेप तशीच ठेवली, वरून भुसभुशीत माती पसरली, गहू टाकला, घट मांडला.

ढेपीच्या पोटात माहा कांदा! मेला नव्हता, झोपला होता!

तं पंचमीच्या सकाळी उंबऱ्यावर उभा राहून मी नाचत होतो. "माय! माह्यं झाड हाये ते! जितं हाये! दे इकडे, घमेल्यात लावतो!"

मायनं माह्याकडे असं पाह्यलं, का माह्या तोंडावरचा साबन वाळला.

"हात लावशीन तं पाह्य. घट हालवत असतेत का?"

"अवं पन ते माह्यं..."

"तूच म्हनला मेलं, फेकून दे. फेकलेलं देवीनं उचललं. घटात आलं ते देवीचं."

तेवढ्यात शेजारची कौशल्याबाई आली, हळदीकुंकवाले. तिनं टोपलीकडे पाह्यलं, अन् तिचा हात नाकावरच गेला.

"सोजराबाई, हे तं कांद्याचा दांडा दिसून राह्यला!"

"काय बोलते तू?"

"खाली पाह्य न, कांदाच हाये. तुमच्या वावरातून आला असन मातीसंगं. देवीच्या घटात कांदा! उपासाच्या नऊ दिवसांत घरात चिरत नाई आपन, अन् तू पेरला? उपटून टाक बाई. घट बाटला."

मायचा चेहरा उतरला. हात पुढे गेला. खरंच गेला! मी उंबऱ्यावरूनच ओरडलो, "काकू, कांदा नाई तो! नागदवना हाये! पांढरं फूल येईन, वासाचं, देवीले वाहाच्या लायक!"

"कायवरून?"

"पुस्तकावरून! अन् अष्टमीले प्रोफेसर येऊन राह्यले, त्याहिले इचारा!"

खरंच येनार होते, त्याहिचं कार्ड आलतं. कौशल्याबाई म्हने, "बरं. अष्टमीपर्यंत पाहू. कांदा निघाला तं मंग मी या घरी प्रसाद खात नसते." मायनं हात मांगं घेतला. पन त्या दिवसापासून ती काठीकडे पाहे, तं एक डोळा भक्तीचा अन् एक संशयाचा.

काठी अशी वाढली, का पाहाले मजा! सकाळी घटाच्या कानापर्यंत, दुसऱ्या दिवशी नारळाच्या शेंडीपर्यंत. टोकाकडे बारीक कळ्या लटकल्या, लांब देठाच्या, एकीपासून एक दूर दूर. गाव लोटलं पाहाले. कोनी म्हने देवीची छडी हाये, कोनी म्हने बिनपानाचं अपशकुनी असते. मी उंबऱ्यावर उभा राहून सगळ्याइले सांगे, पांढरं येईन, थांबा.

पन षष्ठीच्या सकाळी पाह्यतो तं खालच्या दोन कळ्या सुकून लोंबलेल्या. सप्तमीले अजून दोन. न उमलताच सुकल्या! प्रोफेसर येईपर्यंत सगळ्याच गेल्या तं?

"माय, धूप बंद कर. धुरानं कळ्या जळून राह्यल्या."

"देवीचा धूप बंद करू? तुह्या झाडासाठी?"

"तूच म्हनली देवीचं झाड हाये."

"मंग देवीच्या धुरानं देवीचं झाड कसं जळीन?"



अष्टमीले दुपारच्या एसटीनं सर उतरले. तीच काळी टोपी, तोच हिरवा डबा. मी स्टँडवरच सगळं एका दमात सांगतलं. घमेलं, ढेप, घट, कौशल्याबाई, धूप. कडूबानं मधात तोंड घातलं, "सर, याचं झाड सध्या देवीच्या नोकरीत हाये."

सरांनी हातपाय धुतले, टोपी तशीच ठेवून उंबऱ्यावर बसले, भिंग काढलं. पन भिंग तिथून पोचते का? झाड खोलीच्या त्या टोकाले.

"जवळ जाऊ शकतो का मी?"

माय पदर सावरून म्हनली, "नवरात्रात आत मी एकटीच जात असते. उपास धरलेला मानूस लागते. राग नका मानू."

"छे, राग कसला." सर डोळे बारीक करून पाहात राह्यले. मंग मले इचारलं, "सुकलेल्या फुलांच्या पाकळ्या मागे वळलेल्या दिसतायत. कळी न उमलता सुकली तर पाकळ्या वळतील का?"

मी पाह्यलं. खरंच, वळलेल्या होत्या! रोज पाहून राह्यलो होतो, अन् हे दिसलं नाई!

"म्हनजे... उमलून सुकल्या?"

"संध्याकाळनंतर कोणी पाहिलंय?"

कोनीच नाई. कारन दिवेलागनीच्या आरतीनंतर आमच्या घरी देवाच्या खोलीचं दार लागते. देवी आराम करते. माय तेवढी अखंड दिव्यात तेल घालाले आत जाते, डोक्यावरून पदर घेऊन, खाली मान घालून.

"तू नाई पाह्यलं का माय?"

"मी तेल पाहू का तुह्या कळ्या पाहू?"

सर उठून उभे राह्यले. मले वाटलं चालले. साडेसातची जळगाव-जामोदची एसटी होती, शेवटची. पन त्याहिनं मायले हात जोडले.

"बाई, दार लावायचं ते लावा. आम्ही बाहेर ओट्यावर बसतो. तुम्ही तेल घालायला जाल, तेव्हा त्या कळ्यांकडे जरा बघाल का? आम्ही बाहेरून विचारू, तुम्ही आतून सांगायचं. तोडायचं नाही, हलवायचं नाही."

मायनं बापाकडे पाह्यलं. बाप म्हनला, "पाहाले काय जाते? देवीनं डोळे देल्ले ते पाहालेच न."

"पाहीन," माय म्हनली.

आरती झाली. दार लागलं. बाहेर ओट्यावर मी, सर, बाप, अन् दाराले कान लावून कौशल्याबाई. ती आरतीले म्हनून आली होती, पन ताट खाली ठेवून बसलीच होती, निकाल आयकाले. तिकडून कडूबा धावत आला.

"सर, एसटी लागली! हॉर्न मारून राह्यला डायवर!"

"जाऊ दे," सर म्हनले. डोळे दाराकडेच.

एसटी गेली, आवाज आला. माह्यासाठी या मानसानं गाडी सोडली, अन् आत काई उमललंच नाई तं?

आतून मायचा आवाज. "थांबा, निरांजन लावू द्या. दिवा जागचा हालवता येत नाई."

मंग एकदम, "अग्गं बाई!"

"काय झालं?" आम्ही सगळेच.

"उमलले! अरे उद्धव, तीन उमलले! आरतीच्या टायमाले मिटेल होते, माह्या डोळ्यानं पाह्यले मी!"

मी ओट्यावरून उडी मारली, वर चढलो, पुन्हा मारली. सरांनी माहा सदरा धरून खाली बसवला.

"विचार. पाकळ्या किती?"

"माय, पाकळ्या मोज!"

"एक, दोन... सहा."

"रंग?"

"भुरकट. वाळल्या चिंचेच्या टरफलावानी. मधून हिरवी रेघ गेलेली."

"घ्या!" कौशल्याबाई टाळी वाजवून म्हनली. "पांढरं, मोठ्ठं, वासाचं!"

"केवढं हाये माय?"

"बोराएवढं. खाली तोंड करून लटकून राह्यलं. पाकळ्या मांगं वळल्या, बकरीच्या कानावानी."

सर म्हनले, "पुंकेसर किती आहेत, विचार."

"काय केसर?" आतून.

"माय, फुलाच्या मधात बारीक काड्या असतीन. टोकाले पिवळी भुकटी. त्या मोज. फुंकर नोको मारू!"

"सहाच."

सरांनी मान हालवली. मंग माह्याकडे वळून हळूच म्हनले, "आता खरा प्रश्न. अंडाशय पाकळ्यांच्या खाली आहे, की वर?"

आता हे मायले कसं इचाराचं? अंडाशय म्हनलं तं कौशल्याबाई गावभर करीन. मी डोकं खाजवलं. मायचा सगळा जन्म भाजीच्या वावरात गेलता. वांगे, मिरच्या, भोपळे...

"माय! भोपळ्याचं फूल आठव. ज्याले भोपळा धरते ते."

"हो."

"त्याच्या बुडाखाली बारका भोपळा असते न, फुलाच्या बाहेर?"

"असते."

"अन् मिरचीचं फूल. त्याची मिरची कोठी असते?"

"फुलाच्या पोटात."

"मंग पाह्य. हे भोपळ्यावानी हाये का मिरचीवानी?"

निरांजन हालल्याचा उजेड दाराच्या फटीतून इकडून तिकडे गेला. मले उत्तर माहीत होतं काय पाह्यजे ते. पुस्तकात साफ लेहलेलं होतं, नागदवना भोपळ्यावानी, गाठ खाली, फुलाच्या बाहेर. मी मनातल्या मनात म्हनत होतो, भोपळा, भोपळा, भोपळा.

"मिरचीवानी!" माय आतून म्हनली. "पोटात हाये. मिरीएवढी, तीन फाकीची. बुडाखाली नुसता देठ."

गेला नागदवना!

अन् गंमत पाहा, मले वाईट वाटाले टाइमच भेटला नाई. डोक्यात एकाले एक जुळूनच येऊन राह्यलं. पानं पावसात, फूल उन्हाळ्यात. पानं असतीन तं फूल नाई, फूल असन तं पान नाई. म्हनून तं मी त्याले मेलं समजलो! खाली कांदा. फूल अंधारात उमलनारं. मी उठून उभाच राह्यलो.

"सर, नागदवना नाई हा! मी सपशेल चुकलो! डोंगरात गुराखी ज्याले म्हनतात... सर, हा रानकांदा हाये का? रानकांदाच हाये!"

"रानकांदाच," सर म्हनले. त्याहिचेही डोळे चमकत होते.

"रानकांदा!" मी गल्लीभर आयकू जाईन असा ओरडलो.

अन् ओरडल्यावर समजलं काय ओरडलो ते.

कौशल्याबाईनं ताट उचललं. "कांदा! म्हनलं होतं का नाई मी? पंचमीलेच म्हनलं होतं. तुह्या पोराच्याच तोंडून निघालं, सोजराबाई!"

फटीतला उजेड एका जागी थांबला. माह्या अंगातली सारी खुशी पायातून खाली गेली. मी काय केलं? फूल सांगे ते बोललो, अन् मायचा घट बाटवला.

सर पुढे झाले. "बाई, याला लोक कांदा म्हणतात, पण घरातल्या कांद्याहून हे झाड वेगळं आहे. घरच्या कांद्याची सगळी फुलं टोकाला एकाच गोंड्यात असतात."

बाप म्हनला, "हे खरं. बियाच्या कांद्याचा गोंडा लाडवाएवढा गोल येते. हे तं सारं विखुरलेलं हाये."

"विखुरलेलं असो का गोल," कौशल्याबाई म्हनली, "कांदा तो कांदा."

"थांब कौशल्या," आतून माय. आवाज थंड. "सकाळचं एक सुकेल फूल गव्हावर गळून पडेल हाये. तोडलं नाई, गळलं. ते चुरून पाह्यते."

बाहेर आम्ही सगळे दाराकडे सरकलो.

"कांद्याचा वास नाई," माय म्हनली. "कवळ्या गवताचा हाये." दार चार बोटं उघडलं. फटीतून मायचा हात बाहेर आला, चिमटीत चुरलेलं फूल. "घे. तूच हुंग. आठ दिवस झाले तू आमच्या वावरात कांदे कापून राह्यली, तुह्या नाकाले चुकाचं नाई."

कौशल्याबाईनं ते हातात घेतलं. हुंगलं. दुसऱ्या नाकपुडीनं हुंगलं. पदरानं नाक पुसून पुन्हा हुंगलं.

"येते का?" मायनं इचारलं.

"नाई येत."

"मंग?"

"मंग काय मंग. नाई येत म्हनलं न! प्रसाद किती वाजता हाये उद्या?"

कडूबा इतका हसला, का त्याच्या तोंडातलं पान पडलं.

त्या रातीले सर आमच्या ओट्यावरच झोपले. मी त्याहिले झोपू देल्लं नाई, ते सोडा.

नवमीले दुपारी रामजन्म झाला, घट उठला. आमच्या इथं घटातला गहू सगळ्याइले वाटतेत. बाया केसात खोवतेत, मानसं टोपीत. माय एकाएकाले देत सरांपाशी आली. सरांनी कागद तयार ठेवले होते, झाड दाबून वाळवाचे, नीट घडी घालून मांडीवर. माय थांबली. काठीचा वरचा तुकडा, कळ्या-फुलांसकट, तिनं मोडला, गव्हाच्या चार काड्या संगं घेतल्या, अन् सरांच्या काळ्या टोपीच्या कडेले खोचून देल्ल्या.

सरांनी कागदाकडे पाह्यलं. टोपीकडे तं पाहता येत नव्हतं. त्याहिनं हात जोडले.

मंग मायनं टोपलीच्या तळातून कांदा काढला, पदराले पुसला, अन् माह्या हातात ठेवला. "घे. आता याले मेलं म्हनू नोको."

स्टँडवर निघालो. सरांच्या टोपीत हातभर दांडा, चालता-चालता डुलून राह्यला, अन् ते मान ताठ ठेवून चालत होते, फूल गळू नये म्हनून.

कडूबा ठेल्यातून ओरडला, "सर, टोपीत झाड उगवलं!"

"प्रसाद आहे," सर म्हनले.

नाव तं चुकलं होतं. फूल दाखव म्हनले होते, दाखवलंही मी नाई, मायनं पाह्यलं. एसटी आली. सर चढले, खिडकीपाशी बसले. मी खिडकी धरून उभा.

"सर, अन् माह्यं?"

"तुझं काय?"

"मी नागदवना म्हनलो होतो."

"आणि काल सगळ्यांसमोर ओरडून तेच खोडलंस." त्याहिनं माह्याकडे पाह्यलं. "डोंगरात मी लोकांना अंडाशय विचारत हिंडू का? भोपळा आणि मिरची मला सुचली नसती रे. पायात काय घालतोस?"

"चपला."

"जोडे मिळव कुठून तरी. परवा जामोदला ये."

गाडी हालली. वळनापर्यंत मी पळालो. वळनावर पाह्यलं तं सरांनी आता कुठे टोपी काढली होती, मांडीवर कागद पसरला होता, अन् दोन्ही हातांनी हळूहळू तो दांडा त्यावर निजवून राह्यले होते.

घरी आलो. कांदा पुन्हा धाब्यावर घमेल्यात लावला, डोंगराच्याच मातीत. बाप खालून म्हनला, "तू डोंगरात गेल्यावर मातीले पानी कोन घालीन?"

"मी घालीन," माय म्हनली. गडू घेऊन ती शिडी चढूनही आली होती.

"माय, आता नोको. आता त्याले झोपू दे, पान्यानं सडन. पावसाळ्यात पानं येतीन."

"येवढंसं घालते," ती म्हनली, अन् चूळभर पानी मातीवर सोडलंच.

मी भांडत बसलो नाई. कडूबाच्या बापापाशी पलटनीतले जुने जोडे होते. दोन नंबर मोठे, पन जोडे होते. मी शिडीवरून उडी मारली अन् तिकडे पळालो.